आठ दिवसांचे पाव्हणे

पाव्हणे हा शब्द मला हल्ली ऐकवत नाही. लग्नाच्या पत्रिकेत दिसला तरी डोकं सणकतं. का ते सांगते, पण मधे बोलू नका. मधे बोललेलं मला खपत नाही, साऱ्या गावाला माहीत आहे.

मी जयमाला. किहीमच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. गावात मी आशा आहे, म्हणजे सरकारी दवाखान्याची गावातली बाई. बाळंतपणं, डोस, गोळ्या, पोरांची वजनं, सगळं माझ्या गळ्यात. किनाऱ्याला मुंबईवाल्यांचे बंगले उठतात आणि ते बांधायला विजापूरकडची माणसं येतात, बायकापोरांसकट. गाव त्यांना घाटी म्हणतं. घाटापलीकडून आला तो घाटी, मग तो कानडी बोलो नाहीतर फारसी. ही माणसं राहतात दिनानाथ नानांच्या खारजमिनीत, म्हणजे खाडीचं पाणी अडवून काढलेल्या जमिनीत, बांधाला लागून, पत्र्याच्या खोपट्यांत. नाना आगरी समाजातले, गावकीचे पंच. मुलाचे, प्रज्योतचे, डंपर आहेत, पण नानांचा जीव त्या खारजमिनीत. भात पिकत नाही आता तिथे, तरी रोज सकाळी बांधावर चक्कर मारून येतात.

त्या खोपट्यांत गंगव्वा राहायची. नवरा रघू गवंडी, ती त्याच्या हाताखाली घमेली वाहायची. पोरगी अमिषा. ही अमिषा आमच्याच दवाखान्यात जन्मली, तिला पहिल्यांदा दुपट्यात गुंडाळली ती मी. आता शाळेत घालायच्या वयाची झाली. आईबाप कामावर गेले की दिवसभर नानांच्या अंगणात, नानांची बायको ठमाबाई हिच्या पदराला धरून. त्यामुळे पोरगी कानडी बेताची आणि आगरी फर्डी बोलायची. "मना नको," "मना दे," असं ठसक्यात. ठमाबाई तिला सुक्या मासळीचं कालवण नि भाकर चारायची आणि म्हणायची, "आगो बाय, ही आमचीच!" तोंडाने बोलायला काय जातं.

गंगव्वाला पावसाळ्यापासून खोकला. आधी मी म्हटलं सिमेंटची धूळ असेल. मग ती वाळायला लागली. गालफडं बसली, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. थुंकी तपासली, त्यात काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो काढल्याशिवाय कळायचं नाही, अलिबागला न्या. नेली. मशीन बंद. परत या म्हणाले. परत कुठून येणार? एक दिवस गेला की मुकादम दुसरी बाई लावतो. मी तिच्यावर किती ओरडले! "जीव मोठा की घमेलं मोठं गं?" ती हसायची. "अक्का, स्लॅब झाला की जाऊ." तो स्लॅब झाला की दुसऱ्या बंगल्याचा पाया. बंगले काय संपतात?

तेवढ्यात तो आरोग्याचा सर्व्हे आला. मुंबईची एक संस्था होती. तिच्या विनिता मॅडमनी आम्हा आशांना बसवून शिकवलं. स्थलांतरित लोक सर्व्हेत येत नाहीत, घाबरतात, तर तुम्ही त्यांचा विश्वास संपादन करा. संपादन! जळ्ळा मेला शब्द. पण पुढचं ऐकून मी कान टवकारले. नावं लिहून झाली की वस्तीच्या तोंडाशी गाडी येणार, गाडीतच एक्स-रेचं मशीन. ज्याचं नाव त्याचा फोटो, फुकट, जागच्या जागी. अलिबाग नको, खाडा नको. मी मनात म्हटलं, गंगव्वे, देव पावला बघ तुला. मी देवबिव मानत नाही, आम्ही बौद्धवाडीतली माणसं, पण तोंडात येतं ते येतं.

मॅडमनी पत्रकं दिली होती, मराठीत नि हिंदीत. वस्ती कानडी! पत्रकावर हसणारी बाई आणि हसणारा डॉक्टर. पोरांनी त्याच्या होड्या केल्या. मी पत्रकं ठेवली बाजूला आणि संध्याकाळी, माणसं कामावरून आली की, खोपट्यांपुढे जाऊन बसायला लागले. कोणी म्हणे रक्त काढून विकतात. कोणी म्हणे फोटोत सगळं अंग उघडं दिसतं. एक म्हातारा म्हणाला, फोटो पोलिसांकडे जातो. गाढवापुढे वाचली गीता. माझा आवाज चढला की ती माणसं आणखीच गप्प व्हायची.

मग गंगव्वा उठली. माझ्याबरोबर दारोदार फिरली. प्रत्येक खोपटीत कानडीत सांगायची, मधे खोकायची, पुन्हा सांगायची. काय सांगायची मला कळत नव्हतं, पण बायका तिच्या तोंडाकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघून मान हलवायच्या. एकदा मी विचारलं, "काय सांगतेस गं तू त्यांना?"

"सांगते, ही अक्का शिव्या देते, पण माझं बाळंतपण हिने केलं."

मला इतकं हसू आलं. सारी वस्ती कबूल झाली. मला विचाराल तर विश्वास संपादन की काय ते गंगव्वाने केलं, मी नुसती बरोबर चालले.

आता नाना. सर्व्हेच्या आदल्या दिवशी नानांनी मला अंगणात बोलावलं. झोपाळ्यावर बसले होते. ठमाबाई सुपात तांदूळ निवडत होती आणि अमिषा त्यातले खडे वेचून देत होती.

"जयमाले, खारीत सर्व्हे हाय म्हनं उद्या?"

"हो नाना. आरोग्याचा. छातीची तपासणी."

"नावं लिवनार?"

"नाव लिहिल्याशिवाय तपासणी कशी होणार?"

"आनि कवापासून रातात, त्ये?"

"ते पण विचारणार. महिन्याच्या वर राहिलेला असला तरच नाव धरतात. कालपरवा आलेला तो पाहुणा, तो गाडीत चढत नाही."

नानांनी झोपाळा थांबवला. "म्हंजे माज्या जमिनीत ही मानसं इतकी वर्सं रातात, ह्ये सरकारी कागदाव येनार."

"नाना, सरकारी कुठे, संस्थेचा सर्व्हे आहे. दम्याखोकल्याचा! जमिनीचा काय संबंध?"

"सर्व्हे तो सर्व्हे. तुना काय कलनार!"

मला कळणार नाही? अहो, मला सगळं कळलं, कळलं म्हणून तर तळपायाची आग मस्तकात गेली. ती खारजमीन नानांच्या घराण्याची नव्हेच मुळी. ती खोताची होती. नानांचा बाप ती कसायचा, म्हणजे कूळ होता. मग कायदा आला, कसेल त्याची जमीन. कागदावर बापाचं नाव निघालं, किती वर्षं कसतो ते निघालं, आणि खोताची जमीन नानांच्या बापाची झाली. चांगलं झालं, हक्काचं झालं. पण त्याच चिखलात माझा आजा नानांच्या बापाच्या हाताखाली राबत होता, बांध घालत होता. त्याचं नाव कुठेच नव्हतं. कुळाचं नाव लागलं, कुळाच्या गड्याला कोण विचारतो? माझी आई पुतळाबाई मरेपर्यंत तो बांध दाखवून म्हणायची, हा माझ्या बापाच्या हातचा.

तर नानांना पक्कं ठाऊक, कागदावर नाव आलं की काय होतं. त्यांच्या डोक्यात एकच घुसलं. आज घाट्यांचं नाव लागेल, उद्या हे कूळ होऊन बसतील.

मी शप्पथ घातली, समजावलं. कूळ कायदा शेती कसणाऱ्याला, हे भाड्याने राहणारे. छातीच्या फोटोने कोणाची जमीन जात नाही. नाना ऐकून घेत होते आणि मान नाहीची हलवत होते.

"खोतपन आसाच बोल्ला आसल," म्हणाले. "बोल्ला आसल, नुसतं नाव लिवतान, नावान काय व्हतं."

"नाना, गंगव्वा मरेल हो!"

ठमाबाईचा हात सुपात थांबला. नाना उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि बांधाकडे चालू लागले.

तिथे काय झालं ते मला रघूने नंतर सांगितलं. नाना प्रत्येक खोपटीपुढे उभे राहिले आणि एकच सांगितलं. कोणी विचारलं तर म्हणायचं, आम्ही पाव्हणे, आठ दिवस झाले. वेगळं बोललात तर परवा खोपटी खाली करायची. भाद्रपद सुरू होता. पाऊस धरून होता. पोरंबाळं घेऊन जाणार कुठे?

सर्व्हेच्या दिवशी मी नवी साडी नेसले होते. वेडी मी. विनिता मॅडम बांधावरून चप्पल सांभाळत आल्या, हातात टॅब. पहिली खोपटी.

"किती दिवसांपासून राहता इथे?"

"पाव्हणे हाव. आठ दिवस झाले."

दुसरी खोपटी. "पाव्हणे. आठ दिवस." तिसरी तेच. ज्या म्हाताऱ्याला नीट मराठी येत नव्हती त्यानेही तेवढं पाठ केलेलं, "पावने, आठ दिस, पावने, आठ दिस," शाळेत पाढे म्हणतात तसं. दाराबाहेर भोपळ्याचा वेल छपरावर चढून त्याला भोपळे लागलेत, आणि आतला माणूस म्हणतोय आठ दिवस झाले! मी मॅडमकडे बघितलं. मॅडम टॅबवर बोट टेकवत होत्या. पाहुणा. पाहुणा. पाहुणा.

मग गंगव्वाच्या दारात आलो. मला वाटलं, ही बोलेल. साऱ्या वस्तीला तयार केलेली बाई, ही खोटं नाही बोलणार. जीव तिचा आहे.

"किती दिवसांपासून राहता?"

गंगव्वाने माझ्याकडे बघितलंच नाही. पदर तोंडाला लावला, खोकली, मग जमिनीकडे बघत म्हणाली, "आठ दिवस."

"गंगव्वे!" मी ओरडले. "अगं बये, सहा पावसाळे काढलेस तू इथे! तुझी पोर इथे जन्मली! सांग ना त्यांना!"

"ताई," विनिता मॅडम हळूच म्हणाल्या, "उत्तर सुचवायचं नाही. नियम आहे. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं तुम्हाला."

"अहो पण खोटं आहे ते!"

"त्या जे सांगतील तेच मला भरावं लागतं."

तेवढ्यात आतून अमिषा आली आणि आईच्या लुगड्याला झोंबली. "आय, मना भूक लागली. ठमाआयकरं जाव?"

मॅडमना काय कौतुक वाटलं! खाली वाकून तिचा गाल धरला. "किती गोड बोलते हो! अगदी इथलीच वाटते." आणि दुसऱ्या हातातल्या टॅबवर अंगठा टेकवला, पाहुणा. मला त्या बाईचा राग येत नाही असं नाही. पण खरं सांगू? त्या क्षणी मला गंगव्वाचा राग आला. तिला धरून गदागदा हलवावीशी वाटली. मॅडम पुढच्या दारात गेल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "अक्का, मी एकटी खरं बोलले, तर सगळ्यांचं छप्पर जाईल. गावाकडून इथे मीच त्यांना घेऊन आले होते ना."

गाडी आली ती गावात देवळापुढे उभी राहिली. वस्तीत यायचं कारणच उरलं नव्हतं, पाव्हण्यांसाठी गाडी कशाला? गावाची नावं आधीच लिहून झाली होती, सारा गाव आंघोळी करून रांगेत. नाना इस्त्रीचा सदरा घालून पहिले. गाडीतून उतरून छातीवर थाप मारत म्हणाले, "साफ हाय. एकदम साफ!" मी गंगव्वाला ओढत आणली, रांगेत उभी केली. गाडीतल्या माणसाने नाव विचारलं, बघितलं, म्हणाला यादीत नाही. मी हातापाया पडले. शिव्याही दिल्या. तो बिचारा म्हणाला, "मावशी, यादीबाहेरचा फोटो काढला तर माझी नोकरी जाईल." ज्याला त्याला आपलं काहीतरी जायची भीती. गंगव्वा म्हणाली, "चल अक्का, लोक बघतात." आणि भर उजेडात तोंड झाकून निघून गेली.

नवरात्रात तिच्या तोंडातून रक्त आलं, बंगल्याच्या जिन्यावर, घमेलं डोक्यावर असताना. मग मात्र रिक्षा मिळाली, मशीनही चालू होतं, फोटोही निघाला. दोन्ही फुप्फुसं क्षयाने खाल्लेली. डॉक्टर मलाच म्हणाले, "आशाताई, इतके दिवस काय करत होता?" दिवाळीच्या आत गंगव्वा गेली.

रघूने तिला वस्तीत आणली. गाव लांब, पैसा नाही, इथेच दहन करायचं ठरलं. तर गावकीचे चार जण आले, पुढे नाना. स्मशान गावाचं आहे, गावच्याच माणसांना. बाहेरच्यांची वहिवाट पडायला नको. वहिवाट! मेलेल्या बाईचीसुद्धा वहिवाट पडते काय हो?

मी उभी राहिले. माझा आवाज त्या दिवशी चढला नाही, हेच मला आजही नवल वाटतं.

"नाना," मी म्हटलं, "ती तुमची पावनी होती ना? तुम्हीच सगळ्यांना सांगायला लावलंत. मग पावना दारात मेला तर घरधनी काय करतो? वाटेवर टाकतो? तुमच्या आगऱ्यांत काय रीत आहे ती सांगा, मी पण ऐकते."

रघू भिंतीला टेकून बसला होता, त्याला कळत होतं की नाही देव जाणे. मग मागून ठमाबाईचा आवाज आला. ती कधी आली ते कुणाला दिसलं नव्हतं. अमिषा तिच्या कडेवर होती, एवढी मोठी पोर.

"लाकरा आपल्या परसातली न्या," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "न्हायतर मी आनते डोक्याव."

नानांनी मान खाली घातली. लाकडं दिली. स्वतः प्रज्योतचा डंपर लावून आणली, आणि खांदाही दिला, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, चला, सुंभ जळला, पीळही गेला. कुठलं काय! अग्नी दिल्यावर परत येताना नाना रघूच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, सांगत होते, "कोन इचारल तर सांग, पावनी आल्ती, हितं आजारी परली." मी मागेच होते. रघूने मान हलवली.

जानेवारीत विनिता मॅडमचा फोन आला. त्यांच्या अहवालात आमच्या भागात आकडा कमी पडला होता. स्थलांतरितांचा प्रतिसाद नाही, कारण विश्वासाचा अभाव, असं लिहिलंय म्हणाल्या. पुन्हा एकदा प्रयत्न करायचा होता. मी म्हटलं, या.

पुन्हा तोच बांध, तोच टॅब. बऱ्याच खोपट्या कुलपात, माणसं कामावर. रघूच्या दारात अमिषा एकटी बसली होती, ठमाबाईने दिलेली बोरं खात. मॅडमनी तिला ओळखलं. "अगं, तू ती गोड बोलणारी ना? कोण आहे घरात?"

अमिषा उठून उभी राहिली. हात मागे घेतले, शाळेत पाहुणे आले की बाई शिकवतात तसे.

"आमी पावने हाव. आठ दिस झाले."

मॅडम हसल्या. मग हसू जरा ओसरलं. त्यांना आधीची फेरी आठवली असणार. "आणि आई कुठे आहे तुझी?"

पोरीने एकदा माझ्याकडे बघितलं. बोराची बी तोंडातून काढून मुठीत धरली.

"आय पन पावनीच आल्ती," ती म्हणाली. "गेली."

विनिता मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचं बोट टॅबच्या वर तसंच थांबलं होतं. "ताई, काय म्हणते ही? खरं काय आहे?"

"मला नका विचारू मॅडम," मी म्हटलं. "उत्तर सुचवायचं नसतं. नियम आहे."